‘जिन’ : बुद्धीपासून सापळ्यापर्यंत

१/ विदर्भ-खानदेशात कापूस वेचून झाला की तो ‘जिनिंग’मध्ये जातो आणि तेथे सरकीपासून रुई वेगळी होते. या ‘जिनिंग’मधील ‘जिन’ हा शब्द इंग्रजीत कापसाच्या यंत्राला मिळण्यापूर्वी कित्येक शतके सापळ्याचे नाव होता. आणि त्याहीपूर्वी त्याचा अर्थ होता बुद्धी.

२/ मूळ लॅटिन शब्द ‘इंगेनियम’, म्हणजे जन्मजात प्रतिभा. त्यातील ‘गेन’ हा धातू संस्कृत ‘जन्’चा भाऊबंद. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एन्जिन’ झाले आणि अर्थ पसरला : चातुर्य, युक्ती, कपट, यंत्र. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच इंग्लंडमध्ये रुजली. पुढे इंग्रजांच्या जिभेवर पहिले अक्षर झिजले आणि ‘जिन’ उरले.

३/ मध्ययुगीन इंग्रजीत युक्तीने घडवलेली कोणतीही वस्तू ‘जिन’ असे. तट फोडणारे युद्धयंत्रही जिन आणि पाखरांसाठी लावलेला फासाही जिनच. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो सापळ्याच्या अर्थाने येतो. याच कुळातला ‘इंजिनीअर’ हा प्रारंभी वेढ्याची यंत्रे उभारणारा कारागीर होता.

४/ हा अर्थविस्तार मराठी वाचकाला परका वाटू नये. फारसीतून आलेला आपला ‘पेच’ पाहा. तो यंत्राचा स्क्रू आहे, कुस्तीतला डाव आहे आणि माणूस ज्यात सापडतो ते संकटही आहे.

५/ पुढे ‘जिन’ म्हणजे मुख्यतः लोखंडी सापळा असा अर्थ रूढ झाला. मधल्या पट्टीवर पाय पडताच स्प्रिंगच्या जोराने दोन दातेरी जबडे मिटत. प्राणी तत्काळ मरत नसे, तो अडकून तडफडत राही. जमीनदारांच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांसाठी, म्हणजे बहुधा गरीब खेडुतांसाठी, माणसाचा पाय धरणारे मोठे सापळेही लावले जात.

६/ १८२७ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा माणूस-सापळ्यांवर बंदी घातली. पुढे १८६१ च्या फौजदारी कायद्यातही ती कायम राहिली. त्यातील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे : माणसाला इजा करणारे ‘इंजिन’ लावणे गुन्हा, पण उपद्रवी प्राण्यांसाठी नेहमीचे ‘जिन’ लावण्यास मुभा. एकाच शब्दाची दोन रूपे एकाच कलमात, एक निषिद्ध आणि दुसरे वैध! इंग्लंड व वेल्समध्ये या दुसऱ्या जिनवर बंदी यायला १९५८ साल उजाडले.

७/ दरम्यान अमेरिकेत या शब्दाला नवा अर्थ मिळाला. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटते. ती लाकडी रुळांच्या चरकीला दाद देत नसे आणि हाताने काढण्यात फार वेळ जाई. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी दातेरी फिरत्या नळकांड्याचे यंत्र बनवले आणि १७९४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याचे नाव ‘कॉटन जिन’.

८/ यंत्राने सरकी काढण्याचे श्रम वाचवले. कापूस लावण्याचे आणि वेचण्याचे श्रम मात्र हातांचेच राहिले, आणि ते हात गुलामांचे होते. ब्रिटनच्या गिरण्यांची मागणी वाढत होती, दक्षिणेत नव्या जमिनी लागवडीखाली येत होत्या. सफाई स्वस्त होताच कापसाचे पीक किफायतशीर ठरले आणि गुलामगिरीची पकड अधिक आवळली गेली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ती संख्या ३९ लाखांच्या पुढे गेली होती.

९/ ‘जिन’ नावाचे मद्य मात्र या घराण्यातले नव्हे. ते नाव जुनिपरच्या फळावरून, डच भाषेतून आले. सापळ्याचा जिन आणि कापसाचा जिन हे दोन्ही एकाच शब्दाचे अर्थ आहेत, आणि त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आजही तोच आहे : बुद्धी.