अंधाराचे धनी

१ सप्टेंबर १९९९ रोजी ओडिशाच्या मध्य भागातले वीजवितरण एईएस या अमेरिकी कंपनीच्या ताब्यात गेले. कटक, भुवनेश्वर, पुरी, जगतसिंहपूर, केंद्रापाडा असा किनाऱ्यालगतचा मोठा टापू तिच्या ‘सेस्को’ या वितरण कंपनीकडे आला. त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ महाचक्रीवादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होता आणि समुद्र कोसच्या कोस आत शिरला. सरकारी मोजणीनुसार जवळपास दहा हजार माणसे गेली. एवढ्या मृत्यूंपुढे विजेच्या खांबांचा हिशेब कोण मांडणार? त्या दिवसांत तो मागे पडला हे समजण्यासारखे आहे. पण तो पुढेही नीट मांडला गेला नाही, आणि त्याचे परिणाम वीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावरच्या लोकांनी भोगले. नैसर्गिक आपत्तीनंतर महिना-महिना वीज येत नाही, त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न ओडिशाइतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे विचारता येतो. वीस वर्षांत तिथे वीजवितरणाचे मालक वारंवार बदलले, वादळे मात्र येत राहिली.

ओडिशाने वीज क्षेत्राची फेररचना देशात सर्वांत आधी केली. १९९५ चा सुधारणा कायदा १ एप्रिल १९९६ पासून अमलात आला, राज्य वीज मंडळ मोडले, आणि देशातला पहिला राज्य वीज नियामक आयोग तिथे स्थापन झाला. (महाराष्ट्रात मंडळाचे विभाजन त्यानंतर नऊ वर्षांनी, २००५ मध्ये झाले.) वितरणाचे चार विभाग पडले. त्यांतले तीन १ एप्रिल १९९९ रोजी मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएसने घेतले, चौथा एईएसने. या मांडणीत एक मोठी पोकळी राहून गेली. वीज कोण बनवणार, कोण वाहून नेणार, दर कोण ठरवणार, हे सगळे कागदावर आले. पण सगळे जाळे एका दिवसात आडवे झाले तर ते उभे करण्याचा खर्च कोणाचा आणि मुदत किती, याची पक्की व्यवस्था झाली नाही. शिवाय वीजगळतीचे जे आकडे धरून खासगीकरणाचा हिशेब बसवला होता, ते प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी निघाले. महसूल अपेक्षेपेक्षा कमी, वर वादळाने झोपवलेले जाळे, आणि वीज खरेदीची वाढती थकबाकी. कंपनी, सरकार आणि आयोग यांचे एकमेकांशी पटेना, आणि २००१ मध्ये एईएस निघून गेली. आयोगाने प्रशासक नेमला. २००६ मध्ये आयोगानेच आखलेल्या योजनेखाली ‘सेसू’ नावाची व्यवस्था आली आणि एक व्यवस्थापन मंडळ तो टापू सांभाळू लागले. म्हणजे ज्या आयोगाने ग्राहकांच्या वतीने जाब विचारायचा, त्याच्याच योजनेतून वितरण चालत होते. पुढची जवळजवळ चौदा वर्षे हीच स्थिती राहिली.

याच काळात ओडिशाने दुसऱ्या एका कामात जे करून दाखवले, त्याला तोड क्वचितच सापडेल. महाचक्रीवादळानंतर दोन महिन्यांत, डिसेंबर १९९९ मध्ये, राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले. किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, आणि एकही जीव जाऊ द्यायचा नाही असे ध्येय सरकारने जाहीरपणे स्वीकारले. ऑक्टोबर २०१३ मध्ये गोपाळपूरजवळ फायलिन चक्रीवादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले होते. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ फनी आले. ताशी १७५ किलोमीटरहून जोराचा वारा होता, तरी सुमारे बारा लाख लोक सुरक्षित जागी होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. पण त्याच फनीत दीड लाखाच्या घरात विजेचे खांब पडले. भुवनेश्वरसारख्या राजधानीत लोकांनी ऐन मे महिन्यात विजेविना आणि पाण्याविना दिवस काढले, वैतागून रस्ते अडवले. पुरी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत जून उजाडला तरी वीज आली नव्हती. एकच राज्य, एकच सरकार, एकच वादळ, आणि त्याच वीस वर्षांचा अनुभव गाठीशी. माणसे वाचवण्यात ते इतके पुढे गेले आणि वीज परत आणण्यात इतके मागे का राहिले?

माझ्या मते उत्तर पैशात किंवा तंत्रज्ञानात शोधण्याआधी जबाबदारीत शोधले पाहिजे. माणूस दगावला तर त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागेल, हे ओडिशात ठरले होते. वीज चाळीस दिवस आली नाही तर कोणी उत्तर द्यायचे, हे ठरले नव्हते. जिथे उत्तरदायी माणूस नेमला तिथे निवारे, याद्या, सराव, वाहने हे सगळे मागोमाग आले. जिथे तो नव्हता, तिथे प्रत्येक वादळानंतर नव्याने धावाधाव झाली. वादळ तारा तोडते हे खरेच. पण तुटलेली तार किती दिवस तशीच लोंबकळेल, हे वादळाच्या आधीच ठरलेले असते. कोठारात खांब आणि रोहित्रे किती, वायरमन किती, बाहेरून पथके आणण्याचे करार आहेत की नाहीत, कोणता फीडर आधी चालू करायचा याची यादी आहे की नाही, यावर ते ठरते.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या अंगाने येतो: दैवी आपत्तीला कंपनी कशी जबाबदार? वीज कायदा, २००३ च्या कलम ५७ खाली राज्यांचे आयोग सेवेची मानके ठरवतात. किती तासांत बिघाड दुरुस्त करायचा आणि तो न झाल्यास ग्राहकाला किती भरपाई द्यायची, हे त्यांत लिहिलेले असते. महाराष्ट्राच्या नियमांतही युद्ध, दंगल, पूर, चक्रीवादळ, वीज कोसळणे, भूकंप यांमुळे मानके पाळता आली नाहीत तर सूट आहे. ही सूट योग्यच आहे. वादळ चालू असताना कोणाला खांबावर चढवू नये. पण या सुटीला शेवट नाही. चक्रीवादळ एखाद्या गावावरून काही तासांत निघून जाते, आणि त्याच्या नावाने मिळालेली सूट आठवडेच्या आठवडे चालते. पाचव्या दिवशीचा अंधार आणि पस्तिसाव्या दिवशीचा अंधार यांत कायदा भेद करत नाही. तो केला पाहिजे. पहिले काही दिवस निसर्गाचे मानावेत, त्यानंतरचे दिवस परवानाधारकाच्या नावावर मोजावेत.

दुसरा आक्षेप कोकणात फार ऐकू आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांत कितीतरी गावांनी त्यानंतरचे आठवडे अंधारात काढले, आणि तेही टाळेबंदीत, जेव्हा फोन चार्ज करता येणे म्हणजेच डॉक्टरपर्यंत पोहोचता येणे होते. तेव्हा म्हटले गेले की कोकणाला अशी वादळे माहीतच नाहीत, मग तयारी कुठून असणार? पण नोव्हेंबर २००९ मध्ये फयान याच किनाऱ्यावर आले होते, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवरून एक चक्रीवादळ गेले होते. अरबी समुद्रात वादळे कमी येतात हे खरे, पण ती येतच नाहीत असे कोणी म्हणू शकत नव्हते. बांधकामांसाठी वाऱ्याचा जो भारतीय मानक नकाशा आहे, त्यात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, हा वेग धरला आहे. निसर्गचा वेग त्याहून बराच कमी होता. तरीही खांब पडले, कारण पुष्कळ ठिकाणी त्यांना वाऱ्याने नव्हे तर झाडांनी पाडले. कोकणात तारा नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून जातात. एक माड तारेवर कोसळला की ती दोन्हीकडच्या खांबांना ओढते, आणि ओळच्या ओळ आडवी होते. वाडीत झाडे आहेत आणि झाडे पडतात, ही अनपेक्षित गोष्ट नाही. तार तिथूनच न्यायचा निर्णय माणसांनी घेतलेला आहे.

मग जमिनीखालून नेण्याचा खर्च कोण करणार, हा तिसरा आक्षेप, आणि हा सर्वांत वजनदार आहे. भूमिगत वाहिन्या उघड्या तारांच्या कितीतरी पट महाग पडतात, आणि हा बोजा शेवटी वीजदरातून आपल्यावरच येतो. कोकणातल्या विरळ वस्तीच्या प्रत्येक घरापर्यंत केबल पुरणे शक्य नाही, हे मान्य. पण पाणीयोजनेचा पंप, ग्रामीण रुग्णालय, मोबाइल मनोरा यांचे फीडर आधी सुरक्षित करणे शक्य आहे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात महाराष्ट्र २०१५ मध्ये आला आणि अलिबागमध्ये भूमिगत वाहिन्यांचे काम त्यात धरले गेले. म्हणजे गरज सरकारला पटलेली होती. खरी अडचण पैसा कशासाठी मिळतो यात आहे. २०१५ ते २०२० या काळातल्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत ११ केव्हीपर्यंतच्या यंत्रणेसाठी पडलेल्या खांबामागे चार हजार रुपये, तारेच्या किलोमीटरमागे पन्नास हजार आणि रोहित्रामागे एक लाख रुपये धरलेले होते. हा पैसा तातडीच्या दुरुस्तीचा आहे, जाळे सुधारण्याचा नाही. त्यामुळे पडलेल्या खांबाच्या जागी तसाच खांब उभा राहतो, त्याच वाडीत, त्याच माडाखाली. फनीत ओडिशाचे सगळे मिळून नुकसान सुमारे २४ हजार कोटींच्या घरात गेले आणि त्यात वीज यंत्रणेचा वाटा मोठा होता. दर वेळी एवढे घालवायचे आणि आधी त्यातला काही भागही खर्च करायचा नाही, या निर्णयाला निसर्ग जबाबदार नाही. तो सरकारांनी आणि आयोगांनी घेतला, आणि दरवाढीला विरोध करताना आपणही त्याला संमती दिली.

खासगीकरण हा यावरचा उपाय आहे असे काहींना वाटते, आणि काहींना तेच सगळ्याचे मूळ वाटते. ओडिशात दोन्ही होऊन गेले. १९९९ मध्ये जाळे खासगी कंपनीकडे होते, २०१९ मध्ये आयोगाच्या योजनेकडे, आणि दोन्ही वेळा अंधार लांबला. २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर गोव्यातही काही भाग दिवसचे दिवस अंधारात राहिले, आणि तिथे वीज थेट सरकारी खात्याकडे आहे. मालकीने फरक पडत नाही असे नाही, पण वादळानंतरची मुदत आणि ती चुकल्यास होणारा परिणाम हे करारात लिहिलेले नसतील, तर मालक कोणीही असो, घड्याळ लावायला कोणीच नसते. १ जून २०२० रोजी ओडिशातला तोच टापू टाटा पॉवरकडे गेला, ५१ टक्के कंपनीचे आणि ४९ टक्के राज्याचे अशा भागीदारीत. निसर्ग कोकणात त्यानंतर दोनच दिवसांनी आले.

या सगळ्यात सर्वांत जास्त शिव्या वायरमनने खाल्ल्या. २०२० च्या पावसात राज्याच्या इतर भागांतून आलेली पथके कोकणात खांब उचलत होती, चिखलात रोहित्रे ओढत होती, आणि गाव त्यांनाच विचारत होते, लाईट कधी येणार? त्यांच्याकडे उत्तर नव्हते, कारण ज्या निर्णयांमुळे उशीर होत होता त्यांतला एकही त्यांचा नव्हता. ते निर्णय मुंबईत, दिल्लीत, आयोगाच्या सुनावण्यांत झाले होते आणि पुढेही तिथेच होणार आहेत. निसर्गनंतर रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांत लावलेली पोफळीची रोपे आता उंच होऊ लागली आहेत, आणि पुष्कळ गावांत त्यांच्या डोक्यावरून अजून त्याच उघड्या तारा जातात.