यान जन-छिंग
(७०९–७८५). चीनमधील थांग राजवंशाच्या (६१८–९०७) काळातील श्रेष्ठ सुलेखनकार व राजनिष्ठ प्रशासक. चिनी लिपीच्या ‘काइशू’ या नियमित वळणाला त्याने दिलेले रूप हजार वर्षांहून अधिक काळ शाळकरी मुलांच्या कित्त्यांपासून ग्रंथमुद्रणापर्यंत आदर्श मानले गेले. चिनी परंपरेत वांग शीचि (३०३–३६१) याच्या खालोखाल बहुधा त्याचेच नाव घेतले जाते.

त्याचा जन्म एका विद्वान घराण्यात झाला. हान इतिहासावरील प्रसिद्ध भाष्यकार यान शगू हा त्याच्या पणजोबांचा भाऊ. ७३४ मध्ये ‘चिन्श’ ही मुलकी सेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण होऊन तो राजसेवेत शिरला. परंतु मंत्री यांग ग्वोचुंग याची मर्जी न राखल्यामुळे त्याची राजधानीबाहेर फिंगयुआन येथे प्रांताधिकारी म्हणून पाठवणी झाली. आन लूशान याच्या बंडाची चाहूल लागताच पावसाळ्याचे निमित्त करून त्याने तेथील तट दुरुस्त केला आणि धान्य साठविले. ७५५ मध्ये बंड झाले, तेव्हा आसपासचे बहुतेक प्रांत शरण गेले, पण फिंगयुआनने प्रतिकार केला. या झुंजीत त्याचा चुलतभाऊ यान गावछिंग आणि पुतण्या यान जीमिंग मारले गेले. ७८३ मध्ये मंत्री लू छी याने वृद्ध यानला ली शीलिए या बंडखोराची समजूत घालण्यास धाडले. ही कामगिरी म्हणजे मृत्यूची शिक्षाच होती, हे दरबारात सर्वांना उमगले होते. बंडखोरांनी देऊ केलेले पद त्याने नाकारले आणि ७८५ मध्ये त्याला गळा आवळून ठार करण्यात आले.

थांग काळाच्या आरंभी ओउयांग श्युन (५५७–६४१), यू शनान (५५८–६३८) व छू स्वेल्यांग या सुलेखनकारांनी काइशूला रेखीव, सडपातळ आणि काहीसे दरबारी रूप दिले होते. यानची अक्षरे त्यांच्यापुढे भरदार व रुंद वाटतात. आडवी रेघ बारीक, उभी जाड. समोरासमोरच्या दोन उभ्या रेघा किंचित बाहेर फुगलेल्या, त्यामुळे अक्षराच्या पोटात मोकळी जागा राहते. कुंचल्याचे टोक तो रेघेच्या मध्यातून चालवी. बोरूच्या तिरप्या कापामुळे अक्षराला जाड-बारीकपणा आपोआप येतो. कुंचल्याने तो हाताच्या दाबानेच साधावा लागतो. यानच्या रेघेत हा दाब स्पष्ट जाणवतो. रेघेचा आरंभ रेशमाच्या किड्याच्या डोक्यासारखा आणि शेवट पाकोळीच्या शेपटीसारखा, असे तिचे वर्णन रूढ आहे.

दोबाव स्तूपाचा शिलालेख (७५२) व यान छिन्ली या आपल्या पणजोबांसाठी त्याने लिहिलेला शिलापट (७७९) हे त्याच्या काइशूचे दोन टप्पे होत. पहिला नेटका, घट्ट; दुसरा निःशंक व धिप्पाड. दुसरा शिलापट दीर्घकाळ जमिनीत गाडलेला होता. १९२२ मध्ये तो शीआन येथे सापडला. त्याची एक बाजू घासली गेली असली, तरी ठसे घेण्याने होणारी झीज टळल्यामुळे उरलेली अक्षरे विलक्षण स्पष्ट राहिली आहेत.

यानची कीर्ती घडविली ती मुख्यतः सुंग काळाने. ओउयांग श्यू (१००७–७२) याला त्याच्या अक्षरांत त्याची निष्ठा दिसली. सू श (१०३७–११०१) याने तर काव्यात तू फू, तसा सुलेखनात यान, अशी बरोबरी सांगितली. मी फू (१०५१–११०७) मात्र या मताचा नव्हता. त्याला यानच्या काइशूतील ठसठशीतपणा ग्राम्य वाटे. आसनक्रमाच्या वादावरील यानच्या पत्राची (७६४) मात्र त्याने मनापासून स्तुती केली आहे. मी फूचा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही, कारण अक्षर हे चारित्र्याचे प्रतिबिंब असे एकदा ठरविले, की अक्षराचे गुणदोष पाहण्याची गरजच उरत नाही. १९९७ नंतर उजेडात आलेल्या यानच्या आरंभीच्या समाधिलेखांनी या प्रश्नाला नवी धार दिली. शिएनयांगजवळ २०२० मध्ये सापडलेला लो वानशुन हिचा समाधिलेख त्याने चाळिशीच्या आत लिहिला. त्यातील वळण सडपातळ आणि प्रचलित दरबारी शैलीचे आहे. माणूस तोच होता. भरदार अक्षर पुढच्या तीन दशकांच्या मेहनतीने आले.

ल्यू गुंगछ्वान (७७८–८६५) याने यानचे वळण अधिक काटक केले. ‘यानचे स्नायू, ल्यूची हाडे’ ही म्हण त्यावरूनच पडली. सुंग काळातील ठोकळा-मुद्रणात ओउयांग श्युन व ल्यू यांच्याबरोबर यानचे वळणही नमुना म्हणून वापरले गेले. छिंग काळात ह शावची (१७९९–१८७३) व वंग थुंगह (१८३०–१९०४) यांनी त्याचा पुन्हा सखोल अभ्यास केला.

एवढे असूनही या काइशूच्या आचार्याची सर्वांत गाजलेली कृती काइशूत नाही. पुतण्याचे केवळ शिर हाती आले, तेव्हा ७५८ मध्ये त्याने श्राद्धाचा मजकूर वाहत्या ‘शिंगशू’ लिपीत लिहावयास घेतला. हा कच्चा खर्डा सुमारे २३० अक्षरांचा असून त्यात जागोजाग खाडाखोड आहे; शाई सुकेपर्यंत कुंचला ओढला आहे आणि शेवटी अक्षरे विस्कटत जातात. पक्की प्रत उरली नाही, हा खर्डा उरला. तो तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. २०१९ च्या आरंभी तो टोकिओ राष्ट्रीय संग्रहालयातील प्रदर्शनासाठी नेण्यात आला, तेव्हा इतका नाजूक कागद देशाबाहेर का पाठविला, यावरून तैवान व चीन या दोन्ही ठिकाणी तीव्र नाराजी व्यक्त झाली.