स्तनकर्करोगाच्या उपचारांतील हाडांची झीज

स्तनाच्या कर्करोगावरील औषधे, इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया यांमुळे शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि त्यापायी हाडांतील खनिजांची घनता वेगाने उतरते. या अवस्थेला उपचारजन्य अस्थिऱ्हास म्हणतात. तो वाढत गेला की अस्थिसुषिरता येते : हाड आतून विरळ, जाळीदार होते आणि उभ्याउभ्या पडणे, वाकून पाण्याची बादली उचलणे एवढ्या कारणानेही मोडते. कण्याचे मणके, खुबा आणि मनगट ही मोडण्याची नेहमीची ठिकाणे.

बोलीत ‘हाडे झिजली’ असे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. गुडघा झिजतो तेव्हा सांध्यातली कूर्चा झिजलेली असते. तिथे दुखते, सूज येते. या नोंदीतली झीज हाडाच्या आत होते आणि ती दुखत नाही. ‘हाडांचा क्षय’ म्हणजे तर टीबी, त्यामुळे क्षय हा शब्द इथे टाळलेला बरा. कर्करोग हाडात पसरणे ही आणखी वेगळी बाब आहे. हे भेद घरच्यांना पहिल्या भेटीतच समजावून सांगितले, तर पुढचा बराच घोटाळा आणि बरीच भीती टळते.

हाड हे जिवंत ऊतक आहे. अस्थिभंजक पेशी जुने हाड उकरत असतात आणि अस्थिजनक पेशी त्या खड्ड्यांत नवे हाड लिंपत असतात. एका जागेची अशी डागडुजी पुरी व्हायला काही महिने लागतात. उकरणाऱ्या पेशींना चेतवणाऱ्या ‘रँक-लिगँड’ नावाच्या प्रथिनावर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की उकरणे वाढते, लिंपणे त्या वेगाने होत नाही, आणि प्रत्येक फेरीत हाड थोडे थोडे उणे होत जाते.

स्तनाच्या अनेक गाठी याच इस्ट्रोजेनवर वाढतात. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले, की अंडाशय काढल्यावर वाढलेला स्तनकर्करोगही मागे हटू शकतो. तेव्हा इस्ट्रोजेनची ओळखही पटलेली नव्हती. पुढे १९४० च्या सुमारास बॉस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट यांनी पाळी गेल्यानंतर ठिसूळ होणाऱ्या मणक्यांचा संबंध अंडाशय थांबण्याशी जोडला. या दोन निरीक्षणांत आजचा सगळा पेच आहे. जे संप्रेरक तोडल्याने गाठ उपाशी राहते, त्याच संप्रेरकावर हाड तगलेले असते.

झीज किती होईल हे उपचारावर आणि स्त्रीच्या वयावर ठरते. पाळी नैसर्गिकपणे गेल्यानंतरची पहिली काही वर्षे सोडली, तर स्त्रीची अस्थिघनता वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरते. पाळी गेल्यावरही चरबी, स्नायू इत्यादी ठिकाणी अ‍ॅरोमाटेज या विकराच्या साहाय्याने थोडे इस्ट्रोजेन तयार होत असते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल व एक्झेमेस्टेन या गोळ्या नेमका तो विकर रोखतात. मग उरलेसुरले इस्ट्रोजेनही जवळजवळ नाहीसे होते आणि उतरणीचा वेग सुमारे दुप्पट होतो. या गोळ्या पाच वर्षे, काहींना त्याहून अधिक काळ घ्याव्या लागतात. अ‍ॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन यांची तुलना करणाऱ्या ‘अ‍ॅटॅक’ या मोठ्या चाचणीत साडेपाच वर्षांहून थोड्या अधिक काळाच्या पाहणीअखेर अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या ११ टक्के स्त्रियांची, तर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ७.७ टक्के स्त्रियांची हाडे मोडलेली आढळली. टॅमॉक्सिफेन पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडाला इस्ट्रोजेनसारखा आधार देते, हेही या फरकामागचे एक कारण आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीत मात्र तेच टॅमॉक्सिफेन हाड किंचित कमी करते, कारण तिच्या अंगच्या समर्थ इस्ट्रोजेनची जागा हे दुबळे औषध अडवते.

सर्वांत मोठा फटका बसतो तो तरुण स्त्रियांना. केमोथेरपीने अंडाशय कायमचे थांबले, तर पहिल्या वर्षातच कण्याची घनता सात-आठ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले आहे. गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड यांसारखी इंजेक्शने अंडाशय मुद्दाम झोपवतात. ऑस्ट्रियातील ‘एबीसीएसजी-१२’ या चाचणीत गोसेरेलिनसोबत अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या, पण हाडांचे औषध न मिळालेल्या स्त्रियांच्या कण्याची घनता तीन वर्षांत सरासरी ११ टक्क्यांहून अधिक घटली. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात गाठतो, आणि पाळीही येथे सरासरी ४६-४७ व्या वर्षीच जाते. चाळिशीतली बाई उपचार संपवून घरी परतते तेव्हा तिचे हाड साठीच्या उंबरठ्यावर असू शकते आणि पुढे तिला तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. ‘एवढ्या तरुणपणी हाडांची कसली तपासणी’ हे वाक्य म्हणूनच घातक आहे.

लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सकाळी उठताना बोटे, मनगटे, गुडघे आखडतात, दुखतात. स्त्रिया याला ‘हाडे दुखतात’ म्हणतात आणि कित्येक जणी हाडे वाचवण्यासाठी गोळी परस्पर बंद करतात. हे दुखणे सांध्यांचे आणि स्नायुबंधांचे असते. चालणे-व्यायामाने, वेदनाशामकाने, कधी त्याच गटातली दुसरी गोळी देऊन ते सुसह्य होते. त्याचा घनतेशी संबंध नाही. अंग ठणकणाऱ्या बाईची घनता उत्तम असू शकते आणि काहीही न दुखणारीचा कणा पोखरलेला असू शकतो. मणक्याचे अस्थिभंगदेखील पुष्कळदा न कळत होतात. उंची दोन-चार सेंटिमीटरने कमी होणे आणि पाठीला पोक येणे एवढीच त्यांची खूण. मात्र एकाच जागी टिकून राहिलेले, रात्री झोपमोड करणारे किंवा वाढत जाणारे नवे दुखणे वेगळे. ते वयावर ढकलू नये. हाडात रोग पसरलेला नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

घनता मोजण्याची प्रमाण तपासणी म्हणजे ‘डेक्सा’. कमी मात्रेचे क्ष-किरण वापरून कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता पाहतात; सुई नाही, बोगदा नाही, काही मिनिटांत काम होते. निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी तुलना करून ‘टी-स्कोअर’ काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार उणे १ पर्यंत घनता सामान्य, उणे २.५ किंवा त्याहून खाली अस्थिसुषिरता आणि मधली अवस्था अल्पघनतेची. अ‍ॅरोमाटेजरोधक घेणाऱ्या स्त्रीसाठी हाच आकडा अधिक सावधपणे वाचावा लागतो. उणे २ च्या खाली गेल्यास औषध सुरू करावे, आणि घनता बरी असली तरी दोन किंवा अधिक जोखमीची कारणे असल्यास (पासष्टीपुढचे वय, सडपातळ बांधा, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला असणे, पूर्वीचा किरकोळ कारणाने झालेला अस्थिभंग, दीर्घकाळ स्टेरॉइड, धूम्रपान) तेव्हाही करावे, असे तज्ज्ञांच्या संयुक्त शिफारशी सांगतात. पहिली तपासणी संप्रेरक-उपचार सुरू होतानाच हवी आणि पुढची एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर. गावोगावच्या मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून जी घनता सांगतात ती ध्वनिलहरींची चाचणी आहे. तिच्यावर उपचार ठरवू नयेत आणि ती चांगली आली म्हणून निश्चिंतही राहू नये. डेक्सा यंत्र मोठ्या शहरांबाहेर सहसा नसते. पण केमो किंवा रेडिएशनसाठी बाई शहरात आलेलीच असते, त्याच फेरीत हे काम उरकता येते.

जोडीला रक्तातले ड-जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंडाचे कार्य आणि थायरॉइड पाहतात. उन्हाच्या देशात राहूनही भारतीय स्त्रियांत ड-जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ती भरून काढायला ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, काही आठवडे देतात. आठवड्याची ही मात्रा चुकून रोज घेतल्यास रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढू शकते, म्हणून चिठ्ठी देताना वार ठरवून द्यावा. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, मोठ्या कपभर दुधात अडीचशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, ताक-दही, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी हे आपल्या स्वयंपाकातले भरवशाचे साठे. दूध-दह्याने स्तनकर्करोग उलटतो, या ऐकीव समजुतीपोटी पुष्कळ घरांत रुग्णाचे दूध बंद होते. त्याला भक्कम पुरावा नाही. आहारातून उरलेली तूट गोळीने भरावी, पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. ‘कॅल्शियम चालू आहे’ म्हणजे हाडांची सोय झाली असे मात्र नाही. कॅल्शियम हा माल आहे. उकरणारे हात त्याने थांबत नाहीत.

रोजचे भरभर चालणे, जिने चढणे, आधाराला धरून टाचा उचलणे, हलकी वजने उचलणे यांनी हाडाला व स्नायूला काम मिळते. घनता फारच कमी असेल किंवा मणका एकदा मोडलेला असेल, तर पश्चिमोत्तानासनासारखी पुढे खोल वाकण्याची आसने टाळावीत, कारण त्यांत मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो. पाठ सरळ ठेवणारे व्यायाम हितकर. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी तळपाय बधिर झालेली बाई ओल्या मोरीत सहज घसरते. मोरीत धरायला दांडी, रात्री दिवा, सरकणारे पायपुसणे काढून टाकणे ही कामे घरच्यांनी रुग्णालयातून सुट्टी होण्याआधीच करून ठेवावीत.

औषधांत बिस्फॉस्फोनेट गट मुख्य. हे रेणू हाडाच्या खनिजाला चिकटतात आणि उकरायला येणाऱ्या पेशींना निकामी करतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहा-दूधही त्यानंतरच. चहा घेऊन मग गोळी घेतली तर ती जवळजवळ वाया जाते. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड शिरेतून सुमारे पंधरा मिनिटांत देतात, या रुग्णांना बहुधा ४ मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी येऊ शकते. पॅरासिटामॉलने ती ओसरते आणि पुढच्या वेळी सहसा येत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध जपून वापरावे किंवा टाळावे लागते, आणि ड-जीवनसत्त्वाची तूट आधी भरून काढावी लागते.

या औषधांचे महत्त्व हाडापुरते राहिलेले नाही. १८,७६६ स्त्रियांच्या २६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पाळी गेलेल्या स्त्रियांत बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांपैकी दहा वर्षांत १४.७ टक्के स्तनकर्करोगाने दगावल्या, न घेणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. हाडात रोग परतण्याचे प्रमाणही ८.८ वरून ६.६ टक्क्यांवर आले. पाळी चालू असलेल्यांत असा लाभ दिसला नाही. ज्यांची पाळी गेली आहे किंवा औषधाने थांबवली आहे आणि रोग परतण्याची शक्यता बरीच आहे, त्यांना घनता चांगली असतानाही झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सुचवले जाते ते यामुळे. पेटंट संपलेले हे औषध भारतात सहज मिळते. इतक्या साध्या इंजेक्शनाचा विषय निघायचाच राहून जावा, ही गोष्ट हळहळण्यासारखी आहे.

डेनोसुमॅब हे रँक-लिगँडला बांधणारे प्रतिपिंड; ६० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर सहा महिन्यांनी. ‘एबीसीएसजी-१८’ या चाचणीत अ‍ॅरोमाटेजरोधक घेणाऱ्या ३,४२० स्त्रियांपैकी डेनोसुमॅबच्या गटात ९२, तर दुसऱ्या गटात १७६ अस्थिभंग झाले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही ते देता येते, फक्त त्यांच्यात रक्तातले कॅल्शियम एकदम घसरण्याकडे लक्ष ठेवावे लागते. पण ते हाडात साठून राहत नाही. डोस चुकला की दबलेल्या पेशी एकदम उसळतात, मिळालेली घनता वर्षभरात ओसरते आणि काही स्त्रियांचे एकामागून एक अनेक मणके मोडतात. बरे वाटतेय म्हणून, खर्च झेपत नाही म्हणून किंवा गावी गेल्यामुळे हे इंजेक्शन राहून जाणे इतर औषधांपेक्षा जास्त महागात पडते. सहा महिन्यांची तारीख फार तर महिनाभर लांबवावी. थांबवायचे ठरले तर त्याच्या जागी बिस्फॉस्फोनेट द्यावे लागते. पुढे सुरू ठेवता येईल याची खात्री नसेल तिथे ते सुरूच न करणे शहाणपणाचे.

दोन्ही गटांचा दुर्मीळ पण त्रासदायक दुष्परिणाम म्हणजे जबड्याचे हाड उघडे पडून न भरणे. तो बहुधा दात काढल्यानंतर उद्भवतो, म्हणून किडलेल्या दातांची आणि हिरड्यांची कामे औषधाआधी उरकावीत. ग्रामीण महाराष्ट्रात मशेरी लावणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. तंबाखूने हिरड्या बिघडलेल्या असतात आणि बाई ही सवय आपण होऊन सांगत नाही, ती विचारावी लागते. दीर्घकाळ औषध घेतल्यावर मांडीच्या हाडाला क्वचित आडवी चीर जाते. मांडीत वा जांघेत नवे दुखू लागल्यास क्ष-किरण चित्र काढावे. पाळी गेल्यावर हाडांसाठी एरवी देतात ते इस्ट्रोजेन या रुग्णांना देत नाहीत, आणि टेरिपॅराटाइड हे हाड घडवणारे इंजेक्शन रेडिएशन घेतलेल्यांना टाळतात.

अ‍ॅरोमाटेजरोधक थांबल्यावर झीज मंदावते. ‘अ‍ॅटॅक’च्या पुढील पाहणीत गोळ्या संपल्यानंतर दोन्ही गटांतील अस्थिभंगांचे वार्षिक प्रमाण सारखे झाले. केमोने कायमची गेलेली पाळी मात्र परत येत नाही, आणि त्या स्त्रीचे हाड पुढेही लवकर रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रीसारखेच जपावे लागते. कर्करोगाची फाईल बंद होते तेव्हा ही जबाबदारी बहुधा गावातल्या डॉक्टरकडे येते. त्यांच्यासाठी शेवटच्या कागदावर तीन नोंदी हव्यात : पहिला आणि शेवटचा टी-स्कोअर, पाळी केव्हा व कशाने थांबली, आणि हाडांच्या कोणत्या औषधाचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला दिला.