गळा आणि चेहरा

श्रोतेहो, भोरहून वरंधा घाटाच्या वाटेला लागले की नीरेच्या खोऱ्यात हिर्डोशी लागते. त्या खोऱ्यात काय, किंवा आपल्या साऱ्या मावळात काय, गोंधळ तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. गोंधळी कथा सांगतो, गातो, घटकेत राजा होतो, घटकेत राणी होतो. संबळ घुमत असतो, तुणतुणे वाजत असते, आणि ते तुणतुणे धरून पुष्कळदा गोंधळ्याचा पोरगाच उभा असतो. "बाळ, तुला गायचे आहे की सोंग आणायचे आहे?" असे त्याला कुणी विचारत नाही. दोन्ही एकाच अंगाने करायचे, ही त्या घरची रीत.

आज बोलायचे आहे ते अशाच घरांतल्या मुलांविषयी. आईबाप नाणावलेले, घरात गाणेही आणि अभिनयही. मग मुलाने काय करावे? दोन्ही सांभाळावे की एक खाली ठेवावे? दोन मराठी मुलींच्या हकीकतीवरून हे पाहू. एक लता मंगेशकर, दुसरी नूतन समर्थ.

त्याआधी थोडे मागे जाऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी मुलखाला संगीत नाटकाचे वेड लागले. या नाटकात नट तोच गवई. गळा नसेल तर नायक होता येत नसे, आणि नुसता गळा असून भागत नसे. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे या परंपरेतले मोठे नाव. त्यांचा जन्म १९०० सालचा, गोव्यातल्या मंगेशीचा. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. 'भावबंधन'मधली लतिका त्यांनी गाजवली. थोरल्या मुलीचे पाळण्यातले नाव हेमा होते. पुढे लता हे नाव रूढ झाले ते या लतिकेवरून. बघा, नावसुद्धा नाटकातून आलेले!

पण काळ बदलत होता. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट मुंबईत लागला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक तंबूतल्या पडद्याकडे वळला. दीनानाथांच्या मंडळीनेही १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढला, पण तो धंदा त्यांना लाभला नाही.

याच सुमारास एक गोष्ट घडली. तिचे महत्त्व तेव्हा फार थोड्यांना कळले असेल. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत वापरली. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायचे. मग कॅमेऱ्यापुढे नटाने नुसते ओठ हलवायचे. म्हणजे गाणारा एक आणि दिसणारा दुसरा! गोंधळ्याने आणि संगीत नटाने एका अंगात बांधलेली गाठ यंत्राने सोडवली. गळा एकीकडे गेला, चेहरा दुसरीकडे.

आता लताकडे येऊ. पाच भावंडांत ती थोरली. मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ तिच्या पाठचे. गाणे तिला वडिलांकडून मिळाले. नाटकाचे वारे तर घरातच होते. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४१ होते आणि लताला तेरावे वर्ष चालू होते. घरात मिळवते कोणी नाही. दीनानाथांच्या घराशी मास्टर विनायकांचा स्नेह होता. ते मदतीला आले. त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लताला छोटी भूमिका आणि गाणे मिळाले. पुढे 'माझं बाळ', 'गजाभाऊ', आणि १९४५ साली नूरजहाँची प्रमुख भूमिका असलेला हिंदी 'बडी माँ', असे चित्रपट होत गेले. विनायकांच्या कंपनीबरोबर कुटुंब मुंबईला आले. दिवसा चित्रीकरण आणि एकीकडे उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांची तालीम, असा तो क्रम होता.

हे ऐकून कुणाला वाटेल, वा, मुलीने दोन्ही कला कशा सांभाळल्या! पण तसे नव्हते. चेहऱ्याला रंग लावणे, दिव्यांपुढे उभे राहणे, दुसऱ्याने सांगितल्यावर रडणे-हसणे हे आपल्याला कधीच आवडले नाही, असे लताबाई पुढे मोकळेपणी सांगत. अभिनय त्यांनी केला तो घर चालावे म्हणून. थोर नटाची मुलगी म्हणून लोक जे धरून चालत, ते तिच्या मनात नव्हतेच. १९ ऑगस्ट १९४७ रोजी विनायकही गेले आणि हा आधारही तुटला. विनायकांची स्वतःची मुलगी, पुढे प्रसिद्ध झालेली नंदा, तीही लहानपणीच पडद्यावर उभी राहिली. वारसा म्हणतात त्यात पुष्कळदा पोटाचा प्रश्न दडलेला असतो, श्रोतेहो.

मात्र ज्या यंत्राने गळा आणि चेहरा वेगळे केले, त्यानेच लताला वाट दिली. संगीतकार गुलाम हैदर यांनी १९४८ साली 'मजबूर' चित्रपटात तिचा आवाज घेतला. १९४९ साली 'महल' आला. त्यातले तिचे गाणे देशभर गाजले, पण पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव! चेहरा सोडला तर नावही जाते, हा त्यातला धोका. तरी तिने रंग पुसला तो पुसलाच.

आता दुसरी हकीकत. शोभना समर्थ ह्या १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटातल्या सीता. वडील कुमारसेन समर्थ हे चित्रपट दिग्दर्शक. त्यांची थोरली मुलगी नूतन, जन्म ४ जून १९३६ चा. आईने १९५० साली 'हमारी बेटी' हा चित्रपट काढून लेकीला पडद्यावर आणले, आणि त्यात नूतनने स्वतःचे गाणेही म्हटले. पुढे आईने दिग्दर्शित केलेल्या १९६० च्या 'छबीली'तही नूतन स्वतःच्या आवाजात गायली. संगीत मराठमोळ्या स्नेहल भाटकरांचे होते. गळा गोड होता, तयारी होती. तरी तिने चेहरा धरला आणि गाणे मागे ठेवले.

आणि मग या दोघींची गाठ पडली. १९५५ सालचा 'सीमा' चित्रपट तुम्हांपैकी काहींनी पाहिला असेल. शंकर-जयकिशन यांनी जयजयवंती रागात बांधलेले एक गाणे त्यात आहे. पडद्यावर गाते नूतन, आवाज आहे लताचा. पुन्हा पाहाल तेव्हा नूतनच्या ओठांकडे आणि मानेकडे पाहा. तान कुठे उठते, श्वास कुठे घ्यायचा, हे त्या मुलीला ठाऊक आहे. गाणे तिने टाकून दिले नव्हते. ते तिच्या अभिनयात मुरले होते. तसेच लताबाईंच्या गाण्यात बोलाचा जो नेमका भाव येतो, तो नाटकवाल्याच्या घरातच कानावर पडलेला. 'सीमा'साठी नूतनला उत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६३ च्या 'बंदिनी'तही हाच आवाज आणि हाच चेहरा पुन्हा एकत्र आले.

साऱ्यांनाच अशी निवड करावी लागली असे मात्र नव्हे. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई पाहा. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या नामांकित तमाशाच्या फडात त्या वाढल्या. बोर्डावर ना पार्श्वगायन, ना दुसरा चेहरा. लावणी म्हणायची, नाचायचे, वगात काम करायचे, सारे एकाच जीवाने. २००२ साली त्या गेल्या, तोवर त्यांच्या वाट्याला कीर्ती आली आणि हालही आले.

नूतन १९९१ साली गेल्या, लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजी. त्यांच्या हकीकतीतून आपण काय घ्यायचे? गुरुजी, बाई, हे तुमच्यासाठी. तुमच्या शाळेतही कीर्तनकाराची मुलगी असेल, शाहिराचा किंवा गोंधळ्याचा मुलगा असेल. स्नेहसंमेलन आले की आपण त्यालाच पुढे ढकलतो. "अमक्याचा पोरगा ना तू? मग येणारच!" असे म्हणून मोकळे होतो. त्या पोराला खरोखर काय आवडते, हे तो कुणी न सांगता काय गुणगुणतो, कशात वेळ विसरतो, त्यावरून कळेल. दोन्ही शिकू द्या, कारण शिकलेले वाया जात नाही. पण एक दिवस तो म्हणाला, "गुरुजी, मला सोंग नको, मला नुसतं गायचंय," तर बापाचे नाव बुडाले असे त्याला वाटू देऊ नका. आणि घरच्या अडचणीपायी एखादे मूल नको असलेले काम करीत असेल, तर कौतुकाच्या टाळ्या वाजवण्याआधी त्या घरची चौकशी करा.