इंग्रजी परीक्षांची संगणकीय शब्दसंपदा : नामे ठाऊक, क्रियापदे निसटती

परदेशी विद्यापीठातील प्रवेश, परिचारिकेची नोंदणी किंवा स्थलांतराचा अर्ज यांसाठी इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षेचे गुणपत्रक मागितले जाते. यांपैकी 'टोफेल' १९६४ पासून, तर 'आयईएलटीएस' १९८९ पासून घेतली जाते. तंत्रज्ञान आणि संगणक हा या परीक्षांतील नेहमीचा विषय आहे. वाचनाचा उतारा, निबंध, मुलाखत यांपैकी कोठेही तो येऊ शकतो. मराठी विद्यार्थ्याला तो सोपा वाटतो. मोबाईल, पासवर्ड, ॲप, नेटवर्क हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातलेच असतात. मात्र मराठीने इंग्रजीकडून घेतली ती प्रामुख्याने नामे. त्यांच्या जोडीला क्रियापदे ठेवली ती आपलीच. परीक्षेत नेमकी हीच उणीव उघडी पडते.

शब्दांना किती गुण?

आयईएलटीएसच्या लेखन आणि संभाषण या दोन्ही विभागांत प्रत्येकी चार निकष असून त्यांना समान महत्त्व आहे. त्यांपैकी एक शब्दसंपदेचा. म्हणजे या विभागांतील एक चतुर्थांश गुण शब्दांची व्याप्ती, अचूकता आणि त्यांची योग्य जुळणी यांवर ठरतात. गुण ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या बँडच्या टप्प्याने दिले जातात. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएसचा मार्ग निवडल्यास वाचन, श्रवण आणि संभाषणात ७, तर लेखनात ६.५ बँड आवश्यक असतो. अर्ध्या बँडचा फरकही अशा वेळी निर्णायक ठरतो.

'टाकणे', 'मारणे', 'लावणे'

इंग्रजी शब्दाला 'करणे', 'मारणे', 'टाकणे' जोडले की मराठीत क्रियापद तयार होते. कोकणीतही 'करप' जोडून हेच साधते. बोलीच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. परंतु एकट्या 'टाकणे' या क्रियापदाच्या जागी इंग्रजीत किती निरनिराळे शब्द लागतात, ते पाहण्यासारखे आहे. पासवर्ड टाकला तर 'एंटर', फोटो टाकला तर 'पोस्ट' किंवा 'अपलोड', मेसेज टाकला तर 'सेंड', ॲप टाकले तर 'इन्स्टॉल' आणि सिमकार्ड टाकले तर 'इन्सर्ट'. मोबाईल चार्जिंगला लावला, यासाठी 'प्लग इन' किंवा नुसते 'चार्ज' पुरते.

'ऑन करणे' आणि 'ऑफ करणे' यांत 'ऑन', 'ऑफ' हे शब्द मराठीत क्रियेचा सारा भार उचलतात. इंग्रजीत मात्र त्यांच्याआधी 'स्विच' किंवा 'टर्न' हवेच. 'लॉग इन' हे क्रियापद दोन शब्दांचे आहे. त्याचा भूतकाळ 'लॉग्ड इन' होतो, 'लॉगिन्ड' नव्हे. 'मोबाईल हँग झाला' हे सांगताना 'हँग्ड' म्हटले तर अर्थ फाशीकडे झुकतो. येथे 'हंग' हे रूप चालते. 'फ्रोझ' अधिक सहज वाटते. ॲप अचानक बंद पडले तर मात्र 'क्रॅश्ड'.

येथे रूढ, तेथे अनोळखी

काही शब्द इंग्रजी असले तरी त्यांचा येथील वापर ब्रिटन-अमेरिकेतील वापराहून निराळा आहे. आपला 'पेन ड्राइव्ह' ब्रिटनमध्ये सहसा 'मेमरी स्टिक' किंवा 'यूएसबी स्टिक' म्हणून ओळखला जातो. मोबाईलच्या शिलकीत भर घालणे म्हणजे आपल्याकडे 'रिचार्ज'. ब्रिटिश इंग्रजीत ते 'टॉप अप', आणि 'रिचार्ज' बॅटरीचा. 'मेल आयडी'ऐवजी 'ईमेल ॲड्रेस' आणि 'झेरॉक्स'ऐवजी 'फोटोकॉपी' म्हणणे श्रेयस्कर.

अनेकवचनाचीही काळजी घ्यावी लागते. सॉफ्टवेअर, हार्डवेअर, इक्विपमेंट आणि इन्फर्मेशन ही नामे इंग्रजीत अगणनीय असल्याने त्यांना 'एस' लागत नाही. एकच सॉफ्टवेअर सांगायचे असेल तर 'अ पीस ऑफ सॉफ्टवेअर' असा प्रयोग करतात. 'इंटरनेट'च्या आधी सामान्यतः 'द' लागतो. मराठीत उपपद नसल्याने तो हमखास गळतो.

वाचनात शब्द बदलून येतात

वाचनाच्या उताऱ्यातील शब्द प्रश्नात जसेच्या तसे क्वचितच येतात. उताऱ्यात 'ऑब्सोलीट' असेल, तर प्रश्नात 'आऊट ऑफ डेट' असू शकते. 'ऑटोमेटेड'च्या जागी यंत्राने केलेले काम, असे वर्णन येऊ शकते. म्हणून एकेक शब्द सुटा पाठ करण्यापेक्षा समानार्थी शब्दांसह आणि त्याच्या कुळासह शिकणे लाभदायक ठरते. 'इनोव्हेट', 'इनोव्हेशन', 'इनोव्हेटिव्ह' हे असे एक कूळ.

न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी ५७० शब्दकुळांची आहे. डेटा, प्रोसेस, फंक्शन, ॲक्सेस, इनोव्हेट आणि ऑटोमेट हे शब्द तिच्यात आहेत. संगणकाच्या सुट्या भागांची नावे घोकण्याआधी अशा सर्वविषयोपयोगी शब्दांकडे वळावे, कारण वैद्यक किंवा अर्थशास्त्राच्या उताऱ्यातही तेच भेटतात.

दिसायला सारख्या शब्दांचाही घोटाळा होतो. 'ॲडॉप्ट' म्हणजे नवे तंत्रज्ञान स्वीकारणे, तर 'ॲडॅप्ट' म्हणजे त्याच्याशी जुळवून घेणे किंवा त्यात गरजेनुसार बदल करणे. निबंधात एकाऐवजी दुसरा वापरला, तर वाक्याचा अर्थच पालटतो.

उच्चार आणि आघात

संभाषणाचा आणखी एक चतुर्थांश भाग उच्चारासाठी असतो. मराठीतील 'व' हा इंग्रजीतील दोन ध्वनींची जागा घेतो. 'व्हायरस'मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर 'वायरलेस'मध्ये दोन्ही ओठ गोल होतात. शब्दातील आघातही सरकतो. 'टेक्नॉलॉजी'मध्ये तो 'नॉ'वर, तर 'टेक्नलॉजिकल'मध्ये 'लॉ'वर पडतो. 'अपग्रेड' नाम असताना जोर पहिल्या अवयवावर असतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर.

सरावाची रीत

गोव्यात प्राथमिक शिक्षण मराठी वा कोकणीतून घेऊन पुढे इंग्रजी माध्यमात गेलेल्या विद्यार्थ्यापाशी नामांचा साठा भरपूर असतो. त्याने वहीची दोन दालने करावीत. एकात आपण बोलतो ते मराठी वाक्य, दुसऱ्यात त्याच अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य. सुटा शब्द लिहू नये. सकाळी गजर बंद केल्यापासून रात्री मोबाईल चार्जिंगला लावेपर्यंतच्या कृती अशा लिहून काढल्या, तर रोजच्या वापरातील बहुतेक क्रियापदे हाती येतात. शंका आल्यास शब्दांच्या जोड्या दाखवणारा इंग्रजी-इंग्रजी कोश पाहावा.

संभाषणाच्या दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट मिळते आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. उपयुक्त वाटणाऱ्या एखाद्या उपकरणाचे वर्णन हा तेथील ओळखीचा विषय. घड्याळ लावून तेवढे बोलावे, ध्वनिमुद्रण ऐकावे आणि जेथे 'यूज' हे एकच क्रियापद पुन्हा पुन्हा आले असेल, तेथे नेमके क्रियापद घालून तेच वर्णन पुन्हा करावे.