दिनविशेष : २४ एप्रिल
१९७३ : शतकांचे शतक झळकावणारे क्रिकेटपटू, भारतरत्न सचिन तेंडुलकर यांचा मुंबईत जन्म. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि मराठीचे प्राध्यापक, आई रजनी आयुर्विमा महामंडळात नोकरीला. थोरले बंधू अजित यांनी त्यांना क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांकडे नेले. १९९५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. अंजली मेहता यांच्याशी विवाह. सारा आणि अर्जुन ही अपत्ये. १९९९ च्या विश्वचषकादरम्यान वडील गेले. अंत्यसंस्कार आटोपून परतलेल्या सचिन यांनी केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा करून ती खेळी वडिलांना अर्पण केली. सासूबाई ॲनाबेल मेहता कार्यरत असलेल्या ‘अपनालय’ संस्थेमार्फत त्यांनी मुंबईच्या वस्त्यांतील मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला. राज्यसभेचे खासदार असताना त्यांनी धाराशिव जिल्ह्यातील डोंजा हे गाव दत्तक घेतले.