कॉलेज कोणाचे? : गॅदरिंगपासून कोर्टापर्यंत

इंग्रजीकडून आपण घेतलेल्या शब्दांत 'गॅदरिंग' हा शब्द जरा गमतीचा आहे. इंग्रजीत तो कोणत्याही जमावाला चालतो. मराठीत त्याचा अर्थ एकच : शाळा-कॉलेजाचे वार्षिक स्नेहसंमेलन. मूळ नाव 'सोशल गॅदरिंग'; वापरता वापरता त्यातले 'सोशल' गळून पडले. मांडव, नाटक, खेळांच्या शर्यती, बक्षीस समारंभ, शेवटच्या दिवशीचे जेवण, आणि निनावी चिमट्यांचा तो कार्यक्रम, ज्याला कुठे 'फिशपाँड' म्हणतात तर कुठे 'शेलापागोटे'. (विद्वानाच्या सन्मानाचा शेला आणि पागोटे टवाळीच्या नावात आणून ठेवणाऱ्या अनामिक विद्यार्थ्याच्या भाषाज्ञानाला दाद द्यावीशी वाटते.) आपल्या वाङ्मयेतिहासात या प्रकाराला जागा नाही. फार तर एखाद्या नाटककाराच्या चरित्रात 'कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी प्रथम भूमिका केली' एवढे एक वाक्य येते आणि चरित्रकार पुढे सरकतो.

पण दरवर्षी एका ठिकाणी जमणारी माणसे नुसती करमणूक करून घेत नसतात. त्या जागेशी आपले काही नाते आहे, असा दावा ती नकळत करीत असतात. एका कॉलेजच्या बाबतीत हा दावा पुढे अक्षरशः न्यायालयात उभा राहिला. ते कॉलेज म्हणजे पुण्याचे डेक्कन कॉलेज. त्या दाव्यातून माजी विद्यार्थ्यांच्या हाती काय आले आणि काय निसटले, हे या लेखात पाहायचे आहे.

या कॉलेजचा जन्मच मुळी एका वार्षिक मेळाव्यातून झालेला आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत, शास्त्र्यांची परीक्षा होई, आणि पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दक्षिणा दिली जाई. त्यात विद्येचा सन्मान किती आणि नुसते दान किती, यावर वाद घालता येईल. मात्र देशभरच्या विद्वानांना वर्षातून एकदा एकमेकांची तोंडे दिसण्याची ती एक मोठी संधी होती, याविषयी दुमत नसावे. १८१८ नंतर ही दक्षिणा बंद करणे नव्या राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटले आणि चालू ठेवणे उधळपट्टीचे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना मधला मार्ग निघाला. दक्षिणेच्या रकमेतला काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात 'हिंदू कॉलेज' सुरू झाले. पुणेकरांच्या तोंडी ती 'पाठशाळा'च राहिली. कृष्णशास्त्री चिपळूणकर तिथलेच विद्यार्थी. पुढे १८५१ मध्ये ते 'पूना कॉलेज' झाले, १८६४ मध्ये 'डेक्कन कॉलेज', आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या बाजूला, नदीपलीकडच्या नव्या दगडी इमारतीत गेले. इमारतीचा आराखडा कॅप्टन विल्किन्स यांचा. तिच्यासाठी मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांच्याकडून १ लाख रुपयांची देणगी मिळाली होती. ही देणगी वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

नदी ओलांडून गावाबाहेर जाणे, ही या कॉलेजच्या चरित्रातली निर्णायक घटना आहे, असे मला वाटते. विश्रामबागवाड्यातला विद्यार्थी संध्याकाळी घरी जात असे. येरवड्याचा विद्यार्थी तिथेच राहू लागला. नदीत पोहणे, होड्या वल्हवणे, तालीम, रात्री उशिरापर्यंतचे वाद, एकमेकांना ठेवलेली नावे, हे सर्व त्या वसतिगृहाचे देणे. टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवले, हे सर्वश्रुत आहे. सोबत्यांनी त्यांना 'ब्लंट' आणि 'डेव्हिल' अशी नावे ठेवली होती, हेही त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. शेलापागोट्यांची परंपरा शोधायची तर ती अशा टोपणनावांपाशीच शोधावी लागेल. राजवाड्यांनी 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव' या लेखात आपल्या शिक्षणाचा जो पंचनामा केला आहे, त्यात डेक्कन कॉलेजही येते. ते याच कॉलेजचे पदवीधर.

१८७९ मध्ये एम. ए. करणारे आगरकर आणि कायद्याचा अभ्यास करणारे टिळक यांची इथेच गाठ पडली आणि सरकारी नोकरी न करता शाळा काढण्याचा बेत ठरला. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्यांच्या आधीचे, १८७२ चे पदवीधर. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. थोडक्यात, डेक्कन कॉलेजचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी त्याच्याच माजी विद्यार्थ्यांनी उभा केला.

याच काळात मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत आजी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा एकत्र येण्याची पद्धत रुळली. मुन्सफ, मामलेदार, वकील, हेडमास्तर झालेले लोक दोन दिवस पुन्हा विद्यार्थी होत. शेक्सपिअरचे किंवा संस्कृत नाटकांचे प्रवेश हा त्यातला मानाचा भाग. वर्गात नेमलेले पुस्तक रंगमंचावर कसे दिसते, हे पाहण्याची ही पहिली जागा होती. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे केलेले रूपांतर 'विकारविलसित' १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे सहकारी वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'त्राटिका' लिहिले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांना शेक्सपिअरच्या भूमिका समजावून दिल्या. प्राध्यापकाने धंदेवाईक नटाला तालीम देणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. कॉलेजातल्या हौशी प्रयोगांनी नाटकाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, तिचा आधार या गोष्टीला असावा, असा माझा तर्क आहे.

जेवणाचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. एकत्र नाटक पाहता येई. पण एका पंक्तीला बसणे वेगळे. ज्या शहरात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक, गोखले यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, त्या शहरातल्या स्नेहसंमेलनात 'स्नेह' कुठवर आणि पंक्ती कुठून सुरू, हे सर्वांना ठाऊक असणारच.

आणि आणखी एक जण या संमेलनाच्या उंबरठ्यावर उभी होती. कॉर्नेलिया सोराबजी ही नाशिकला जन्मलेली, पारशी-ख्रिस्ती घरातली मुलगी डेक्कन कॉलेजात शिकली. वर्गात आपल्याला येता येऊ नये म्हणून मुलगे दारे धाडकन लावून घेत, असे तिने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १८८७ च्या परीक्षेत ती कॉलेजात पहिली आली. त्या स्थानाला विलायतेच्या शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती लागू होती; ती स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली. पुढे इंग्लंडातल्या हितचिंतकांनी निधी जमवला आणि ती ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेली. त्याच दशकात त्याच इमारतीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या स्वार्थत्यागाविषयी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, आणि ते खोटे नाही. पण 'माजी विद्यार्थी' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा दाराच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, हा प्रश्न तिथे उरतोच. माझ्या शालेय पुस्तकांत कॉर्नेलियाबाई नव्हत्या.

फर्ग्युसनमध्ये माजी विद्यार्थ्याचे कॉलेजशी नाते निराळ्या वाटेने गेले. तिथला हुशार विद्यार्थी आजीव सभासद होऊन तिथेच परत येई. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे अल्प वेतनावर परतले आणि १९०२ पासून प्राचार्य झाले. कॉलेज आपले आहे, असे म्हणायला त्यांना गॅदरिंगची गरज नव्हती. डेक्कन कॉलेज सरकारी. तिथल्या माजी विद्यार्थ्याच्या हाती आठवणींपलीकडे काही नव्हते. संस्थेच्या कारभारात त्याला मत नव्हते, तिच्या मालमत्तेवर हक्क नव्हता.

ही गोष्ट १९३४ साली कसोटीला लागली. काटकसरीच्या त्या वर्षांत सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. पुण्यात तोवर इतर कॉलेजे निघाली होती. सरकारी कॉलेज चालवण्याची गरज उरली नाही, असे म्हणणे हिशेबाच्या वहीत सहज बसत होते. एरवी अशा वेळी सभा होते, ठराव होतो, वर्तमानपत्रांत पत्रे येतात आणि विषय संपतो. इथे माजी विद्यार्थ्यांचा संघ न्यायालयात गेला.

कायद्याच्या दृष्टीने ही माणसे कोण होती? मालक नव्हेत, देणगीदार नव्हेत, चालू विद्यार्थ्यांचे पालकही नव्हेत. शिक्षण घेऊन, पदवी घेऊन त्यांचा व्यवहार केव्हाच पुरा झालेला. दुकानातून माल घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाने तीस वर्षांनी दुकान बंद करू नका म्हणून दावा लावावा, तसा हा प्रकार बाहेरच्याला वाटला असेल. पण या वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता तो खरा होता. जमशेटजींचा पैसा आणि त्याही आधीचा दक्षिणेचा पैसा सरकारला मिळालेली भेट होती, की एका कामासाठी सोपवलेली ठेव? ठेव असेल, तर ती ज्यांच्यासाठी ठेवली त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. आणि कॉलेजच्या बाजूने बोलायला, वर्षानुवर्षे एकत्र जमत आल्यामुळे एकमेकांना ओळखणारा, नाव आणि पत्ता असलेला एक गट तयार होता. तो एका दिवसात उभा करता आला नसता.

या लढ्याचे फळ मिळाले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले. पण ते उघडले 'पदव्युत्तर आणि संशोधन संस्था' म्हणून. जे कॉलेज वाचवण्यासाठी माजी विद्यार्थी झगडले, ते त्यांना परत मिळाले नाही. बी. ए.चा वर्ग, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी भरलेले वसतिगृह, त्यांची टोपणनावे आणि त्यांची नाटके पुन्हा त्या इमारतीत आली नाहीत. ज्या प्रकारच्या विद्यार्थिजीवनातून ते स्वतः घडले होते, तो प्रवाह तिथे थांबला. खटला जिंकणाऱ्या पिढीला त्या अर्थाने धाकटी भावंडे झाली नाहीत.

याला हार म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. नव्या संस्थेत पहिल्याच फळीत सु. मं. कत्रे, ह. धी. सांकळिया, त्र्यं. शं. शेजवलकर आणि इरावती कर्वे आले. मुलगी वर्गात येऊ नये म्हणून जिथे दारे लावली गेली, तिथे सुमारे ५० वर्षांनी एक स्त्री समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवायला आली. विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध दारे लावल्याचे ऐकिवात नाही. शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' हे इंग्रजी पुस्तक १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजनेच प्रसिद्ध केले. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाची मांडणी सांकळियांनी इथे बसून केली. पुण्यात बी. ए.चे वर्ग भरपूर होते. असे काम करणारी जागा दुसरी नव्हती. तरीही त्या माजी विद्यार्थ्यांना उद्घाटनाच्या दिवशी काय वाटले असेल, हा विचार मनातून जात नाही. आपले जुने घर शाबूत आहे, पण त्यात आता ग्रंथालय आहे, अशी काहीशी ती भावना असावी.

१९९० मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली. टिळक जिथे राहत ती खोली स्मारक म्हणून राखून ठेवलेली आहे. पाहायला येणारे बहुतेक तिच्यापाशी थांबतात आणि परततात. त्याच आवारात १९४८ मध्ये कत्र्यांनी संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. शेकडो ग्रंथांतून शब्द टिपून चिठ्ठ्या करण्यातच कितीतरी वर्षे गेली आणि कोशाचा पहिला भाग छापून झाला तो १९७६ मध्ये. आरंभ अर्थातच 'अ'पासून आहे, आणि पुढले अनेक खंड निघूनही कोश अजून त्याच अक्षरात आहे.